सराफाच्या कॅल्क्युलेटरात न मावणारी संख्या

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीची पेठ. आजी आणि मावशी बांगड्या बघण्यात रंगल्या, की दुकानातल्या काकांकडे कॅल्क्युलेटर मागा. काउंटरवरचा तो मोठ्या बटणांचा, बारा आकडी!

आता ११ गुणिले ११ करा. आले १२१. मग १११ गुणिले १११. आले १२३२१. आकडे जसे चढले तसेच उतरले! सहा एक घेतले तर १२३४५६५४३२१. आणि सात घेतले तर? पडद्यावर ‘ई’. उत्तर तेरा आकडी, आणि यंत्राकडे घरं बाराच.

मग एखाद्या जुन्या पावतीची कोरी बाजू मागून घ्या आणि नऊ एकांचा गुणाकार हातानंच मांडा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. नऊ ओळींचा छान जिना होतो. उजवीकडून उभी बेरीज करत चला. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असं करत नवव्या घरात नऊ. पुढे पुन्हा आठ, सात, सहा...

१२३४५६७८९८७६५४३२१!

सतरा आकडे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त अठरा स्थानांना नावं दिली आहेत. अठरावं परार्ध, सतरावं ‘मध्य’. म्हणजे आपली संख्या परार्धाच्या अगदी उंबरठ्यावर.

अशा संख्यांवर जीव लावणारे एक शिक्षक होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ शिकवलं. या संख्यांचा विचार त्यांना डेमलो नावाच्या रेल्वे स्टेशनवर सुचला, म्हणून त्यांचं नाव ‘डेमलो संख्या’. स्टेशनचं नाव संख्येला! मला हे फारच आवडतं.

‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हा शब्दही त्यांचाच. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. १२ घ्या. १ आणि २ मिळून ३, आणि १२ ला ३ नं भाग जातो. आपल्या सतरा आकड्यांची बेरीज ८१. भाग देऊन बघा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हर्षदच!

आणि तिचे अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. बस्स, एवढ्या तीनच मूळ संख्यांतून हा डोलारा उभा आहे.

आता जिन्याला दहावी पायरी जोडा, म्हणजे दहा एक घ्या. मधल्या घरात बेरीज येते दहा. शून्य मांडायचं, हातचा एक. शेजारच्या घरात नऊ होते, त्यांचेही झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचा झाला नऊ. उत्तर बघा: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, उतरणीवरचा मात्र जागच्या जागी.

अकरा एकांचं काय होतं? पावतीवर अजून जागा आहे, आणि मावशींच्या बांगड्या अजून ठरलेल्या नाहीत.