राखेचा रंग

मंचरजवळ आमचं आजोळ. तिथल्या घराची पायरी काळ्या दगडाची होती आणि त्या दगडात बोटाच्या पेराएवढ्या पांढुरक्या काड्या आडव्यातिडव्या पसरलेल्या होत्या. आजी तिला काड्यांची पायरी म्हणायची. लहानपणी तिच्यावर बसून त्या काड्या नखाने उकरून काढायचा मी खूप प्रयत्न केला. एकही कधी निघाली नाही. मागच्या वर्षी घर पाडलं. मी पोचले तोवर पायरी फुटून मुरमाच्या ढिगावर पडली होती. तिची मुठीएवढी कपची पिशवीत टाकली आणि पुण्याला आणली.

भूशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने कपची नळाखाली ओली करून भिंगातून पाहिली. काड्या प्लॅजिओक्लेज फेल्स्पारच्या आहेत, म्हणाली. असा मोठ्या स्फटिकांचा बेसॉल्ट मंचर, गिरवलीकडे आणि थळ घाटात सापडतो. "पण खरं काय ते मामांनी काप काढल्यावर."

मामा म्हणजे तिच्या विभागात खडकांचे पातळ काप काढणारे. त्यांची खोली विभागाच्या अगदी मागे. दार उघडलं आणि आतला वास आला तशी मी उंबऱ्यातच थांबले. नवी विहीर खणताना तळाशी येतो तसा ओल्या दगडाचा वास, आणि त्यात मिसळलेला राळेचा. राळ म्हणजे कॅनडा बाल्सम, उत्तर अमेरिकेतल्या एका सूचिपर्णी झाडाचा चीक. दगड काचेला चिकटवायला मामा आता एपॉक्सी वापरतात, पण वरून झाकायची पातळ काच लावायला अजून बाल्समच. "तापवलं की सुटतं. चुकलं तर परत करता येतं," ते म्हणाले. त्या वासासाठी म्हणून मी नंतरही तिथे जात राहिले, हे कबूल करायला हरकत नाही.

मामा सव्वीस वर्षं खडकांचे काप काढताहेत. एवढ्या वर्षांत त्या विभागातून जेवढे प्रबंध बाहेर पडले, त्या सगळ्यांतले खडक आधी त्यांच्या हातांखालून गेले. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्यात. आधार कार्डाच्या वेळी यंत्र बोट ओळखेना, एवढंच त्यांनी त्याबद्दल सांगितलं.

"किती पातळ करायचा?" मी विचारलं.

"तीस."

तीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. केसाच्या साधारण निम्मी जाडी. ज्या दगडाची आपण जाती, उखळं, देवळं केली, तो तीस मायक्रॉनवर आला की काचेसारखा पारदर्शक होतो. पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. मामांनी खरंच एक काप पेपरवर ठेवून मला मथळा वाचायला लावला.

हिऱ्याच्या पात्याच्या करवतीवर चकती कापायची, तिचा काडेपेटीहून लहान तुकडा करायचा, एक बाजू गुळगुळीत करून काचपट्टीवर चिकटवायची, उरलेला दगड पुन्हा कापून टाकायचा. इथवर यंत्राचं काम. पुढे कार्बोरंडमची पूड आणि पाणी. आधी 220 नंबरची भरड, मग 400, 600, शेवटी 1000. पूड बदलताना हात, काच, नखांच्या कडा सगळं धुवायचं, कारण भरड पुडीचा एक कण राहिला तरी तयार होत आलेल्या कापावर ओरखडा उठतो. शेवटचा टप्पा जाड काचेच्या तक्त्यावर, हाताने. मामा काचपट्टीवर दोन बोटं टेकवून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवतात. दाब दोन्ही बोटांचा सारखा हवा, नाहीतर एक कड आधी झिजते आणि दगड तिकडून उडून जातो. उडून जातो हा त्यांचाच शब्द. तीन दिवसांचं काम, आणि काचेवर फक्त ओल.

तीस झाले हे मोजायला त्यांच्याकडे उपकरण नाही. ते काप सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. खाली एक ध्रुवणकाच आणि वर तिच्याशी काटकोनात दुसरी. जाड कापात फेल्स्पार पिवळसर दिसतो. झिजवत गेलं की पिवळेपणा उतरतो आणि स्फटिक राखाडी होतो. "राखेचा रंग आला की थांबायचं." प्रकाशाच्या भौतिकीत या रंगाचं पूर्ण गणित आहे. मामांना ते कुणी शिकवलेलं नाही, आणि सव्वीस वर्षांत त्यांचा अंदाज क्वचितच चुकला असं मैत्रीण सांगते.

या खोलीतली रीत दीडशे वर्षांहून जुनी. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने 1849 च्या सुमारास खडक असे घासायला सुरुवात केली आणि 1858 मध्ये स्फटिकांच्या सूक्ष्म रचनेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. डोंगर समजून घ्यायला सूक्ष्मदर्शक कशाला, म्हणून लोक त्याला हसले होते.

माझ्या पायरीचा काप मी प्रथम पाहिला तेव्हा हसण्यासारखं काही सुचलं नाही. नजरेच्या टप्प्यात एकच काडी मावत होती, तीही अर्धी. मैत्रिणीने सूक्ष्मदर्शकाची तबकडी हळूहळू फिरवली. काडी एकदम काळी झाली नाही. आधी गाभा विझला, मग त्याबाहेरची पट्टी, मग त्याबाहेरची. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं. गाभ्यात कॅल्शियम जास्त, कडेला सोडियम वाढत गेलेलं. जमिनीखाली शिलारसाच्या साठ्यात हा स्फटिक वाढत असताना भोवतालचा रस थंड होत होता, बदलत होता, आणि प्रत्येक बदल एकेका वलयात उतरला. एवढी काडी व्हायला शेकडो वर्षं लागली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिच्याभोवती मात्र अगदी बारीक सुयांचा गिचमिड पसारा. त्यात ऑगाइटचे कण, मॅग्नेटाइटचे काळे ठिपके, कडेने तांबूस पडलेला एखादा ऑलिव्हिन. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा वर आला, पसरला आणि भराभर निवला, तेव्हाचा हा पसारा. म्हणजे काड्या लाव्हा निवताना तयार झाल्याच नाहीत. त्या खालून तयार होऊन आल्या. आजीच्या पायरीत एक फार सावकाश गेलेला काळ होता आणि एक घाईचा, आणि मी नखाने उकरत होते तो सावकाश काळ होता.

हल्ली खडकाची पूड करून यंत्रात घालतात आणि त्यात कोणतं मूलद्रव्य किती ते आकडे मिळतात. आकडे लागतातच. पण पूड केल्यावर कोण आधी जन्मलं, कोणी कोणाला वेढलं, हे कसं कळणार? "पिठावरून भाकरी कुणी थापली ते सांगता येईल का?" मामा म्हणाले. त्यांची जागा निवृत्तीनंतर भरली जाणार नाही असं विभागात बोललं जातं. मला ही बचत वाटत नाही. हा तोटा आहे, आणि तो दिसायला लागेल तेव्हा शिकवणारा हात कुठून आणायचा, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

मामांच्या खोलीत फक्त बेसॉल्ट येत नाही. आपल्या बेसॉल्टखालीही खडक आहे. कोयनेजवळ रासाटीला खोल भोक पाडलं तेव्हा साधारण 930 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट आणि नाइस लागला. तो कितीतरी जुना. पूर्व विदर्भात बऱ्याच ठिकाणी अशा जुन्या खडकांवर बेसॉल्टचं पांघरूण नाही, म्हणून मामांच्या कपाटातले दोन खण नागपूर-भंडाऱ्याचे. त्यातला गोंडाइट मनसरच्या बाजूचा. भूशास्त्रज्ञ फर्मरने 1909 मध्ये त्याला गोंड लोकांवरून हे नाव दिलं. मँगनीजयुक्त गाळ जमिनीखाली दाबला, तापवला गेला आणि न वितळता, घनरूपातच, त्याचं गार्नेट आणि क्वार्ट्झ झालं. तबकडी फिरवली की क्वार्ट्झ उजळतो आणि विझतो, गार्नेट कितीही फिरवा, काळंच राहतं.

भंडाऱ्याच्या खणात कायनाइट आणि सिलिमनाइट. दोघांचं आणि अँडालुसाइटचं रासायनिक सूत्र एकच, पृथक्करणाचे आकडे सारखेच. दाब फार असेल तर कायनाइट, उष्णता फार असेल तर सिलिमनाइट. एका कापात कायनाइटच्या कडेला सिलिमनाइटचे केसासारखे तंतू फुटलेले दिसले. खडक एका अवस्थेतून दुसरीत जाता जाता थांबला होता. हे काप काढायला सगळ्यांत त्रासाचे. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, म्हणून खडकाला आधी राळ पाजावी लागते. पाजावी हाही मामांचाच शब्द.

माझा काप तयार झाल्यावर मामांनी हिऱ्याची पेन्सिल घेतली. "गाव?" मी सांगितलं. "जागा? ओढा, खाण, उंची?" मी म्हटलं, पायरी होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. जागा नसलेला दगड खणात जात नाही. शोभेला घेऊन जा, म्हणाले.

मी गावी गेले. घर बांधणाऱ्या वडारांनी दगड कुठून आणला हे मामेआजोबांना आठवत होतं. गावामागच्या ओढ्याच्या वळणावर, करवंदीच्या जाळीखाली, तोच थर उघडा पडलाय. पाण्याने भोवतालचा काळा भाग झिजवून काड्या वर काढल्यात. नख लावलं तर एक हलली. मी ती तशीच राहू दिली आणि शेजारचा ताजा दगड फोडून घेतला. अक्षांश, रेखांश, उंची वहीत लिहिली.

या दुसऱ्या तुकड्याचा शेवटचा टप्पा मामांनी मला करायला दिला. दोन बोटं, इंग्रजी आठ, पाणी. दर मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली. पिवळा. पुन्हा पिवळा. बोटांखाली दगड आहे की नुसती काच, हे कळेनासं झालं. मामा पाठीमागे उभे होते, हात न लावता.

"तीस. थांबा ताई, राख आली."