गिंडीहून गुलमर्गला, स्की शिकायला

चेन्नईच्या गिंडीतली थंडी म्हणजे जानेवारीच्या पहाटे पारा जेमतेम विशीपर्यंत उतरणं. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस, डिसेंबरात चक्रीवादळाची धास्ती आणि पोंगलच्या सुमाराला स्वच्छ, कोरडं ऊन. इथे राहणाऱ्याला बर्फाची ओढ लागावी, यात नवल नाही. नोकरीनिमित्त या भागात स्थिरावलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हिवाळी सुट्टीचा विषय निघाला की गुलमर्गचं नाव हमखास येतं.

बहुतेकांची सहल ठरलेली असते. श्रीनगर, पहलगाम आणि गुलमर्गला एक दिवस. त्या एका दिवसात गंडोलाची, म्हणजे रोपवेची, फेरी, भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट आणि स्लेजवरून दोन-तीन घसरगुंड्या. स्कीइंग त्यात होतच नाही. मला मनापासून वाटतं, की एवढ्या लांब जायचं तर इतर ठिकाणं सोडून द्यावीत, गुलमर्गमध्येच आठवडाभर मुक्काम ठोकावा आणि नीट शिकावं. तिथे केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था १९६८ पासून आहे. खासगी प्रशिक्षकही मिळतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला एकमेव भारतीय, आरिफ खान, पायथ्याच्या तंगमर्गचा. याच उतारांवर तो घडला.

खरा प्रश्न तारखांचा. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे ऐन कडाक्याची थंडी. पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडतोच असं नाही. बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, आणि त्यांचं वेळापत्रक अलीकडे बिघडलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं बर्फावाचून तपकिरी पडली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी मार्चमध्ये घ्यावा लागला. म्हणून नाताळची सुट्टी मी टाळायला सांगेन. तेव्हा गर्दी आणि दर चढलेले असतात, बर्फाचा मात्र भरवसा नसतो. मुलांच्या शाळेमुळे पोंगलचेच दिवस हाताशी असतील तर त्यांना जोडून रजा घ्यावी. मुलं बरोबर नसतील तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा त्याहून बरा.

विमानाने दिल्लीमार्गे श्रीनगर एका दिवसात गाठता येतं. वेळ असेल तर मात्र रेल्वेचा विचार जरूर करावा. चेन्नई सेंट्रलहून अंदमान एक्स्प्रेस थेट कटऱ्याला जाते आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली आहे. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरच्या चिनाब पुलावरून ती जाते.

या रेल्वेप्रवासाला गिंडीकरांसाठी आणखी एक अर्थ आहे. गिंडीला लागून असलेल्या सेंट थॉमस माउंटपाशी १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. तिथून सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी पुढच्या पिढीच्या हातून हिमालयापर्यंत पोचली आणि शिखरांच्या उंची ठरल्या. लॅम्बटनला हिमालय गाठता आला नाही. १८२३ मध्ये काम चालू असतानाच तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथेच आहे. उत्तरेकडे जाणारी गाडी बल्लारशा सोडून सेवाग्रामच्या दिशेने निघाली की वाटेत हिंगणघाट लागतं.

आता शरीराकडे वळू. गिंडी जवळजवळ समुद्रसपाटीला, श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर. अडीच हजारांच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ, झोपमोड होते. म्हणून पहिली रात्र श्रीनगरला काढावी. गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. तिथे पोचल्या पोचल्या जाऊ नये, दोन-तीन दिवसांनी जावं. तयारी मात्र महिनाभर आधी घरीच सुरू होते. स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्यांवर येतो. रोज सकाळी माउंटच्या पायऱ्या चढा आणि उतरा. चढताना दम वाढतो, पण स्कीसाठी खरा उपयोग उतरण्याचा. भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात ठेवून बसण्याचा व्यायामही करावा.

सामान विकत घेऊ नका. स्की, काठ्या, बूट, हेल्मेट सगळं तिथे भाड्याने मिळतं. चेन्नईतून न्यायचे ते लोकरी पातळ मोजे, अंगालगतचे न भिजणारे कपडे, चांगला गॉगल आणि सनस्क्रीन. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. सुती बनियन घामाने भिजलं की अंगात हुडहुडी भरते. तेव्हा सुती कपडे घरीच ठेवा.

बूट निवडताना घाई करू नये. आत एकच मोजा हवा. दोन घातले की पाय घसरतो आणि रक्तप्रवाह आवळला जाऊन बोटं जास्तच गारठतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती सुटावीत आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. चालताना हा बूट जड, आडमुठा वाटतो. पण पाय आत हलला तर तुम्ही वळता आणि स्की वळतच नाही. दुकानदार कंटाळला तरी तीन-चार जोड घालून पाहावेत.

पहिल्या दिवशी आडवं उभं राहून उतार चढणं, पडणं आणि उठणं एवढंच होतं. मग दोन्ही स्कींची टोकं जवळ आणून, मागच्या बाजू फाकवून वेग आवरायला शिकवतात. तीन-चार दिवसांत माणूस सौम्य उतारावरून हवं तिथे थांबू लागतो, आणि तो आनंद स्लेजवर बसून मिळत नाही.

अफरवटच्या मोकळ्या उतारांवर मात्र नवख्याने जाऊच नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या खिलनमर्ग भागात हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, तेव्हा स्कीइंगचा उल्लेख पॉलिसीत असल्याची खात्री करून घ्यावी. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाहीत, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवं. गंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढावीत. जोरदार बर्फ पडला की तंगमर्गच्या पुढे टायरना साखळ्या बांधूनच गाड्या वर जातात आणि श्रीनगरची विमानं रद्द होतात. म्हणून परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा आणि कार्यालयातून रजा घेताना तो धरूनच घ्यावी.