नावात कोळीवाडा, पिठात ओवा

मागच्या खेपेला मोहोपाड्याला आलो, तेव्हा नाक्यावरच्या एका हॉटेलात आमच्यापुढे 'फिश कोळीवाडा'ची प्लेट आली. सोबतच्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, हे कोळ्यांचं की पंजाब्यांचं?" प्लेट संपली, प्रश्न राहिला. आज तोच घेऊ.

आधी पदार्थ बघा. कोळी घरात मासा साधारणपणे कसा तळतात? हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावायचं, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवायचं आणि तव्यावर थोड्या तेलात. आमच्या प्लेटमध्ये मात्र बेसनाचं दाट पीठ होतं, आलं-लसूण होती, ओवा होता, आणि तुकडे कढईत बुडवून तळलेले. ही रीत अमृतसरी मच्छीची.

आता ओवाच का? पंजाबात मासा नदीचा, सतलज-बियासचा: रोहू, सिंघाडा. गोड्या पाण्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो. त्याचं कारण जिओस्मिन. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो ना, त्यातलंच हे द्रव्य. आंबटामुळे ते मोडतं, म्हणून आधी लिंबू. उरलासुरला वास ओवा झाकतो. म्हणजे ओवा हौसेचा नव्हे, कामाचा.

मग हे मुंबईत कसं आलं? 1947 च्या फाळणीनंतर पंजाबातले निर्वासित शीव कोळीवाड्याच्या छावणीत आले. त्या भागाला आज गुरू तेग बहादूर नगर म्हणतात. हार्बर मार्गावरच्या स्टेशनाचं नावही पूर्वी कोळीवाडाच होतं. तिथे पंजाबी मंडळींनी मासे तळून विकायला सुरुवात केली. हात तेच, मसाला तोच, मासा मात्र समुद्राचा. कोळंबी तर खास. गिऱ्हाइकाने पदार्थाला वस्तीचं नाव दिलं.

इथे आपलं न्यायशास्त्र कामाला येतं. शब्द यौगिक असतो, म्हणजे त्याच्या घटकांतूनच अर्थ निघतो: पाचक, म्हणजे शिजवणारा. शब्द रूढ असतो: 'गो' म्हणजे जाणारी, पण बसलेली गायही गोच. 'कोळीवाडा' हे वस्तीचं नाव म्हणून यौगिक आहे, पदार्थाचं नाव म्हणून रूढ. घोटाळा होतो तो रूढ शब्द यौगिक समजून वाचल्याने. आपण मानतो, हे कोळ्यांचंच. मग कोळिणीचा आगळ लावलेला तव्यावरचा मासा मेनूकार्डावर दिसत नाही, कारण तिचं नाव दुसऱ्याच पदार्थाने घेतलंय. आणि घरदार सोडून आलेल्या माणसांनी कढईवर संसार उभा केला, तेही कोणाला आठवत नाही. एका नावाखाली दोघंही झाकले जातात.

म्हणून विद्यार्थ्याला आमचं उत्तर असं: रीत पंजाबची, नाव कोळ्यांच्या वस्तीचं, मासा इथल्या दर्याचा. 'कोणाचं' या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत. ते वेगळे करा, भांडण मिटेल.

आणि एक. दर्याच्या माशाला मातकट वास नसतो, तरी ओवा पिठात राहिलाच. माणसं गाव सोडतात, हात सोडत नाहीत. तुम्ही मात्र इथल्या बाजारातून तळ्यातला रोहू आणलात, तर त्या ओव्याला त्याचं जुनं काम परत मिळेल. करून बघा.