नववीच्या वर्गात चाटी गल्ली

बारावी वाणिज्य शाखेच्या पुस्तपालनात भागीदारी संस्थेच्या अंतिम खात्यांना मोठा मान आहे. 'अ' आणि 'ब' हे दोन भागीदार नफा-तोटा 3:2 या प्रमाणात वाटून घेतात, तेरीज दिलेली असते, खाली समायोजना असतात आणि विद्यार्थ्याने ताळेबंद जुळवायचा असतो. सोलापुरातली मुलेही हे गणित सोडवतात आणि चांगले सोडवतात. पण त्यातल्या कित्येकांच्या घरी आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात, नाहीतर काका घरच्या दोन मशिनींवर गणवेश शिवून देतात. या घरांत एका नगाला नेमका किती खर्च येतो आणि मजुरी वजा जाता काय उरते, याचा कागद बहुधा कधीच मांडला जात नाही. काल्पनिक भागीदारांचा ताळेबंद जुळवणाऱ्या मुलाला स्वतःच्या घराचा हिशेब मांडता येत नसेल, तर दोष मुलाचा नाही. धंद्याचे शिक्षण आपण उशिरा सुरू करतो, निवडक मुलांना देतो आणि तेही चुकीच्या टोकाकडून. ते नववीत, सर्वांना आणि गावातल्याच धंद्यापासून द्यायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

सोलापूरच्या बाबतीत हे जास्त निकडीचे आहे. 1877 साली इथे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्यांनी या गावाला भोंग्यावर चालणारे शहर केले. गिरणी होती तोवर कामगाराला धंदा कळण्याची गरज नव्हती. हजेरी लागली की पगार ठरलेला, हिशेब ठेवायला कचेरी होती. पुढे या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि काम घराघरांत, गल्लीबोळांत पांगले. यंत्रमागावरची चादर, टेरी टॉवेल, तयार कपडे आणि गणवेश, बिडी, आणि बायकांच्या हातची कडक भाकरी व शेंगाचटणी यांवर आज शहराचा मोठा भाग जगतो. यातले बरेचसे काम नगावर किंवा हजारी दराने चालते. कागदोपत्री मजूर असलेला माणूस प्रत्यक्षात छोटा उद्योजकच असतो. वीज त्याची, जागा त्याची, मशिनीची दुरुस्ती त्याची आणि मालातली खोटही त्याचीच. बिडी वळणारी बाई घ्या. मिळालेली पाने कमी भरली तर पदरचे पैसे घालून ती आणायची, आणि मोजणीच्या वेळी छाट निघाली, म्हणजे काही बिड्या नाकारल्या गेल्या, तर तेवढी मेहनत पाण्यात. हा सगळा व्यापारी धोकाच आहे. फक्त त्याला धोका म्हणायला तिला कोणी शिकवलेले नाही.

शाळा या बाबतीत अगदीच कोरी आहे असे नाही. बालभारतीच्या नववी आणि दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक, आयकर. दहावीत वस्तू व सेवा कर, शेअर्स, म्युच्युअल फंड. करपावतीवर केंद्राचा आणि राज्याचा कर कसा वेगवेगळा लागतो, व्यापाऱ्याला आधी भरलेल्या कराची वजावट कशी मिळते, हे त्यात उदाहरणांसह दिले आहे. प्रकरण उत्तम आहे, पण ते गणिताच्या वर्गात येते आणि गणितासारखेच सुटते. दर दिलेला असतो, टक्के काढायचे, उत्तर चौकटीत. दर कोणी ठरवला आणि तो परवडतो का, हा प्रश्न तिथे येत नाही. पुढे वाणिज्य शाखा घेणाऱ्यांना बारावीच्या वाणिज्य संघटन व व्यवस्थापनात उद्योजकता विकासावर एक स्वतंत्र प्रकरण भेटते. त्यात उद्योजकाची वैशिष्ट्ये असतात, कार्ये असतात. वैशिष्ट्ये पाठ करून कोणी उद्योजक झाल्याचे ऐकिवात नाही, पण चार-पाच मार्क नक्की मिळतात. शिवाय विज्ञान किंवा कला शाखेकडे गेलेल्या मुलांना आणि दहावीनंतर थेट कामाला लागलेल्यांना तेवढेही मिळत नाही. हिशेबाची खरी गरज पहिल्यांदा पडते ती या शेवटच्या गटाला.

मग नववीत शिकवायचे काय? कडक भाकरीचेच उदाहरण घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण रीत खरी आहे. समजा एक बाई पाच किलो ज्वारीच्या 75 भाकऱ्या करते. ज्वारीचे 250 रुपये, दळणाचे 30, गॅसचे 80, पिशव्या आणि लेबलांचे 40, एकूण 400. भाकरी आठ रुपयांना दुकानदाराला दिली तर 600 रुपये येतात. घरात हिशेब होतो, 'दोनशे सुटले'. आता वर्गात फळ्यावर आणखी एक ओळ लिहायची, तिची मेहनत. थापणे, भाजणे, कडक करणे, मोजून भरणे यात सहा तास गेले आणि तासाला 40 रुपये धरले तर 240 रुपये होतात. म्हणजे 200 रुपयांचा नफा खरे तर 40 रुपयांचा तोटा आहे. त्यातच पाच भाकऱ्या वाटेत मोडल्या तर आणखी 40 गेले. इथून पुढे चर्चा आपोआप रंगते. दर वाढवायचा की पिशवी बदलायची? दळण एकदम जास्त काढले तर? दुकानदाराऐवजी थेट गिऱ्हाईक धरले तर? मुलांना किंमत, खर्च, नफा, बाजार हे शब्द व्याख्येतून न भेटता कामातून भेटतात. आणि ज्या मुलाच्या घरी हेच काम चालते, त्याला वर्गात प्रथमच आपल्या आईच्या सहा तासांची किंमत फळ्यावर दिसते. भाकरीऐवजी टॉवेल घेतला तर सुताचा भाव, वीज आणि घट येईल. गणवेश घेतला तर कापड, बटणे, धागा आणि जूनच्या आधीचे दोन-तीन महिने सोडले तर रिकामी बसणारी मशीन येईल.

दुसरा धडा उधारीचा. चाटी गल्लीच्या कापडपेठेपासून एमआयडीसीपर्यंत माल जातो आधी आणि पैसा येतो मागाहून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, हे किती शिवणकाम करणाऱ्यांना माहीत असेल? आयकर कायद्यातही 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. कायदा माहीत असला म्हणजे लगेच कोणी आपल्या मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार ठोकेल असे नाही. धंद्यात संबंध जपावे लागतात. तरी मागणी करताना पाय जमिनीवर असतो. तसेच हप्त्याचे. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे झाली, 2024 च्या जानेवारीत रे नगरातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. घर हाती आले की अनेकांच्या मागे कर्जाचा हप्ता लागतो. मुद्दल आणि व्याज वेगळे करून वाचणारा एक नववीतला मुलगा किंवा मुलगी घरात असणे, ही त्या कुटुंबाची मोठी सोय आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: व्यापार शिकवून येत नाही, तो रक्तात असावा लागतो. पुरावा म्हणून सोलापुरात हमखास नाव निघते वालचंद हिराचंदांचे. 1882 मध्ये इथेच जन्मलेल्या वालचंदांनी कॉलेज अर्ध्यावर सोडले आणि पुढे रेल्वेची कंत्राटे, सिंदिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना असा पसारा उभा केला. पण हे उदाहरण उलट बाजूने साक्ष देते. त्यांच्या घराण्याचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय होता. कॉलेज सोडून ते रस्त्यावर आले नाहीत, पेढीवर आले. खरेदी, पत, व्याज, माणसाची पारख हे सारे तिथे कानावर पडत होते. ज्याला आपण रक्त म्हणतो ते बहुतेक वेळा लहानपणापासूनचे कानावर पडणे असते. मागवाल्याच्या किंवा बिडी कामगाराच्या मुलाला पेढी नाही. त्याच्यासाठी ते काम शाळेलाच करावे लागेल.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. शाळा-कॉलेजांतल्या उद्योजकता शिक्षणाचा खरेच उपयोग होतो का? नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून छोटी कंपनी चालवून घेण्याच्या उपक्रमाचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. कौशल्यांत म्हणावा असा फरक पडला नव्हता आणि स्वतःचा धंदा करण्याची इच्छा उलट कमी झाली होती. याच देशात पुढे अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मात्र चिकाटी, पुढाकार, जोखीम पेलण्याची तयारी असे गुण वाढलेले आढळले. धंद्याच्या माहितीत भर पडली नाही आणि धंदा करण्याची इच्छा तिथेही वाढली नाही. माझ्या मते यातून दोन गोष्टी निघतात. वय जितके कमी तितका स्वभावावर परिणाम जास्त, ही एक. दुसरी अशी की धंदा जवळून पाहिल्यावर 'हे आपले काम नव्हे' असे एखाद्याला कळणे हे शिक्षणाचे अपयश नाही. वीस वर्षांचा असताना कर्ज काढून ते कळण्यापेक्षा चौदाव्या वर्षी फुकट कळलेले बरे. म्हणूनच प्रत्येक मुलाला उद्योजक करण्याची घोषणा मला पटत नाही. दिल्ली सरकारने 2021 मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी दोन हजार रुपये भांडवल देऊन धंद्याच्या कल्पना मागवल्या, त्याचा दूरचित्रवाणीवर कार्यक्रमही झाला. उत्साह चांगला होता; पण अशा स्पर्धेत बोलकी मुले चमकतात आणि हिशेब मागे राहतो. शिकवायचे कसे याचे उत्तर डॉमिनिकन रिपब्लिकमधून मिळते. तिथे छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर लेखाकर्म शिकवले आणि दुसऱ्याला घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवा अशा मोजक्या साध्या रीती. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात दखल घ्यावी असा फरक पडला नाही, दुसऱ्या गटाचे व्यवहार सुधारले. आपला अभ्यासक्रम नेमका पहिल्या वाटेने जातो.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रातच जुना आहे. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्या उत्पन्नातून शाळेचा खर्च, ही कल्पना मांडली, तेव्हा अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी तिला विरोध केला. शाळांचा माल बाजारात आला तर गरीब कारागिरांशीच स्पर्धा होईल आणि लहान वयात मुलांवर देवघेवीचेच संस्कार होतील, ही त्यांची धास्ती होती. ती आजही खोटी नाही. सोलापूरसारख्या गावात, जिथे मुली आईला बिड्या वळू लागतात आणि मग शाळा सुटते, तिथे 'धंद्याचे शिक्षण' या नावाखाली मुलांच्या हातून माल काढून घेणे हा गुन्हाच ठरेल. म्हणून या तासाला वर्गातून विकायला काही बाहेर जाऊ नये. बाहेरून बिले, दरपत्रके, पासबुके आत यावीत आणि मुलांनी ती वाचावीत. आणखी एक भीतीही आहे. व्यावसायिक विषय म्हटला की तो 'ढ' मुलांच्या माथी मारायचा, हा आपल्याकडचा अनुभव आहे. पण हा विषय सर्व तुकड्यांना सारखाच असेल, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीलाही आणि नापास होत आलेल्या मुलालाही, तर तो कुणाची पायरी दाखवणार नाही. राहिला प्रश्न शिक्षकांचा आणि अभ्यासाच्या ओझ्याचा. नवे पुस्तक, नवा पेपर, नवी भरती यांची वाट पाहिली तर आणखी एक पिढी जाईल.

त्याची गरजही नाही. 'अर्थनियोजन' प्रकरण पुस्तकात आहे, परीक्षेत आहे, त्याचे तास वेळापत्रकात आहेत. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांनी एवढेच करावे: येत्या वर्षी हे प्रकरण गणित आणि सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांनी मिळून घ्यावे, पुस्तकातल्या पावतीशेजारी चाटी गल्लीतल्या दुकानाचे खरे बिल ठेवावे, आणि एका तासाला पालकांपैकी एखाद्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना किंवा मागवाल्या काकांना बोलावून त्यांच्या एका नगाचा खर्च मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावा.