ट्रकच्या डाव्या बाजूला सायकल का नेऊ नये?

आमच्या भिवंडीत यंत्रमाग आणि गोदामे खूप. त्यामुळे अंजूरफाट्याला ट्रक, कंटेनर, टेम्पो यांची सारखी गर्दी. त्यातूनच माझे बाबा सायकलने रात्रपाळीला जातात. आईला फार काळजी वाटते.

माझे मामा ट्रक चालवतात. त्यांनी मला गोदामाजवळ उभ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या जागी बसवले. भाऊ खाली डाव्या दाराला चिकटून हाका मारत होता, पण मला दिसेचना! ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसतो ना. मामा म्हणाले, “आरशात माझं तोंड तुला दिसत नसेल, तर तूही मला दिसत नाहीस.”

मग त्यांनी ओल्या मातीत सायकल वळवायला सांगितली. मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या आतून गेली. ट्रक तर केवढा लांब! म्हणून डावीकडे वळताना तो आधी थोडा उजवीकडे जातो. डावीकडे जागा मोकळी दिसते. सायकलवाल्याला वाटते, निघू पटकन. पण मागची चाके त्याच जागेवरून येतात.

मैदानात नळाजवळ आम्ही तशा रेघा काढून ठेवल्या आहेत. पालकांनी जाताना जरूर बघाव्यात. सायकलने आलेल्यांनी तर आधी.