प्रोग्रामचे बिऱ्हाड

संगणकावर प्रोग्राम लिहिला आणि तो एकदा चालला, म्हणजे आपले काम संपले, अशी समजूत विद्यार्थ्यांत सर्वत्र आढळते. परंतु तोच प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर नेऊन तेथे त्यास सुखाने नांदावयास लावणे हे काम अगदी निराळे असून पुष्कळदा लिहिण्याहूनही अवघड ठरते. पायथन भाषा शिकणाऱ्यांच्या वाट्यास तर ही अडचण हमखास येते. म्हणून तिचाच थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे. ज्यास खिडक्या नाहीत, बटणे नाहीत, टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर नाव टंकून जो चालवावयाचा, अशा प्रोग्रामांपुरताच हा विचार आहे.

आमच्या नववीच्या मुलांनी आपापल्या घरच्या आज्यांकडून कोंकणी शब्द गोळा करून त्यांचे मराठी अर्थ सांगणारा 'शब्द' नावाचा एक लहानसा प्रोग्राम रचला आहे. 'शब्द उदक' असे टंकले की 'पाणी' असे उत्तर येते. 'शब्द नुस्तें' म्हणताच 'मासळी'. नवा शब्द भरण्याचीही त्यात सोय आहे. शब्दांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. ज्या संगणकावर प्रोग्राम जन्मला तेथे तो उत्तम चालला, पण शेजारच्या संगणकावर नेताच 'फाइल सापडत नाही' असे म्हणून थांबला. फाइल तर बरोबर नेलेली होती! मग सापडेना का?

याचे कारण असे की, प्रोग्रामने यादी नुसत्या नावाने मागितली होती. अशा नुसत्या नावाचा शोध पायथन प्रोग्रामच्या घरी घेत नाही. आज्ञा देणारा त्या क्षणी ज्या फोल्डरात उभा असेल तेथे घेते. वाट विचारणाऱ्यास 'उजव्या हाताचे तिसरे घर' असे सांगावे, तसलाच हा प्रकार. देवळाकडे तोंड करून उभा असेल तर तो योग्य घरी जाईल, बाजाराकडे तोंड असेल तर भलत्याच्या दारात! बरे, यावर उपाय म्हणून पूर्ण पत्ता लिहावा, तर त्यात 'यूझर्स' या फोल्डराखाली लिहिणाऱ्या मुलाचे नाव येते, आणि दुसऱ्या संगणकावर त्या नावाचा कोणी राहतच नाही. हा उपाय रोगाहून वाईट, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा आधी हे पाहिले पाहिजे की, स्थापना केल्यावर प्रोग्राम राहतो कोठे. पायथनचे पॅकेज बहुधा 'व्हील' नावाच्या गठ्ठ्याच्या रूपाने पाठविले जाते. हा गठ्ठा म्हणजे एक झिप फाइलच होय. 'पिप' हे साधन तो उलगडून आतील सामान 'साइट-पॅकेजेस' नावाच्या फोल्डरात मांडते. परंतु हा फोल्डर सर्वत्र एकाच ठिकाणी नसतो. विंडोजवर तो पायथनच्या फोल्डरातील 'लिब'मध्ये असतो. लिनक्सवर एकट्या वापरकर्त्यापुरती स्थापना केल्यास त्याच्या घरच्या फोल्डरात 'डॉट-लोकल'खाली असतो. आणि डेबियनसारख्या वितरणात व्यवस्थेच्या पायथनपुरते त्याचे नावच बदलून 'डिस्ट-पॅकेजेस' होते. शिवाय २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून 'व्हेन्व्ह' ही सोय भाषेतच आहे. तिने प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र खोली देता येते, आणि त्या प्रत्येक खोलीत साइट-पॅकेजेसही निराळे! अर्थात, आपला प्रोग्राम कोणत्या घरी बिऱ्हाड करील हे लिहिणाऱ्यास आगाऊ कळणे शक्य नाही. ते त्याने गृहीतही धरू नये.

मग टर्मिनलवर नुसते 'शब्द' म्हटल्याने प्रोग्राम कसा सापडतो? 'पायप्रोजेक्ट.टॉमल' या फाइलीत 'प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स' या मथळ्याखाली आपण एवढेच लिहावयाचे, की 'शब्द' या नावाने हाक आली असता अमुक पॅकेजातील अमुक फंक्शन चालवावे. स्थापनेच्या वेळी पिप या नावाची एक छोटी फाइल स्वतः तयार करून लिनक्सवर 'बिन'मध्ये, तर विंडोजवर 'स्क्रिप्ट्स' फोल्डरात ठेवते. लिनक्सवर या फाइलीच्या पहिल्याच ओळीत त्या खोलीतील पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. म्हणूनच व्हेन्व्हचा फोल्डर मागाहून दुसरीकडे हलविला किंवा त्याचे नाव बदलले, तर आतले प्रोग्राम मुके होतात. अशा वेळी खोली हलवू नये, नवी बांधावी. कित्येकदा फाइल जागेवर असूनही 'कमांड सापडत नाही' असे उत्तर येते. तेव्हा तो फोल्डर 'पाथ' नावाच्या यादीत आहे की नाही, हे प्रथम पाहावे. आज्ञा दिली असता संगणक याच यादीतील फोल्डर क्रमाने धुंडाळीत असतो.

आता शब्दांच्या यादीकडे वळू. ती पॅकेजाच्या पोटातच ठेवावी आणि 'इम्पोर्टलिब.रिसोर्सेस' या मॉड्यूलकडून मागून घ्यावी. हे मॉड्यूल पायथन ३.७ मध्ये, म्हणजे २०१८ साली आले. त्यातील 'फाइल्स' हे सोयीचे फंक्शन ३.९ पासून मिळते. 'या पॅकेजातील ही फाइल दे' एवढेच त्यास सांगावयाचे. घर कोठे आहे ते त्याचे त्यास ठाऊक असते. मात्र यादी गठ्ठ्यात खरोखर भरली गेली आहे ना, हे गठ्ठा उघडून पाहावे. पायथनच्या फाइली आपोआप भरल्या जातात, पण इतर फाइलींविषयी पुष्कळदा वेगळे सांगावे लागते. लिहिणाऱ्याच्या संगणकावर मूळ फोल्डर हाताशीच असल्याने ही उणीव तेथे दिसत नाही.

याहूनही नाजूक गोष्ट पुढेच आहे. वापरणाऱ्याने नवा शब्द भरला, तर तो लिहावयाचा कोठे? पोटातल्या यादीतच लिहिला, तर पहिले काही दिवस सारे सुरळीत दिसते. परंतु गठ्ठ्यातून आलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद पिपपाशी 'रेकॉर्ड' नावाच्या फाइलीत असते, आणि पुढची आवृत्ती बसविताना नोंदीतील जुन्या फाइली काढून त्यांच्या जागी नव्या ठेविल्या जातात. त्याबरोबर कोणा आजीने पेज ढवळता ढवळता सांगितलेले शब्दही जातात, आणि त्या आजीस पुन्हा विचारता येईलच असे नाही. म्हणून पोटातील यादी केवळ वाचावी. वापरणाऱ्याचे शब्द लिनक्सवर 'डॉट-लोकल'मधील 'शेअर'मध्ये, मॅकवर 'लायब्ररी'तील 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये, विंडोजवर 'ॲपडेटा'मध्ये वेगळ्या फाइलीत ठेवावे. उत्तर देताना दोन्ही याद्या पाहाव्या. हे पत्ते पाठ करण्याचे कारण नाही. 'प्लॅटफॉर्मडर्स' हे पॅकेज ते सांगते.

आणखी एक इशारा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून व्यवस्थेच्या पायथनमध्ये पिपने थेट सामान भरू लागल्यास ते नकार देते. मुलांना याचा राग येतो, पण नकार रास्तच आहे, कारण त्या पायथनवर व्यवस्थेची स्वतःची कामे चालतात. तेथे 'पिपएक्स' वापरावे. ते प्रत्येक प्रोग्रामला आपोआप वेगळी खोली देते आणि हाक मारावयाचे नाव तेवढे बाहेर आणून ठेवते.

परीक्षा घ्यावयाची तर गठ्ठा नव्या, रिकाम्या व्हेन्व्हमध्ये बसवावा, मूळ फोल्डरापासून दूर कोठेतरी उभे राहून प्रोग्राम चालवावा, एक शब्द भरावा, मग नवी आवृत्ती बसवून तो शब्द टिकला की नाही ते पाहावे. शेवटी प्रोग्राम काढून टाकावा. पिप आपल्या नोंदीतील फाइली घेऊन जाईल, पण वापरणाऱ्याच्या शब्दांची फाइल मागे राहील. हा कचरा मागे राहिला असे कोणी म्हणतात. आमच्या मते ती फाइल राहिलीच पाहिजे. ती पुसावयाची की नाही, हे जिने शब्द भरले तिने ठरवावे.