बालवाडीतील धोंडस

गौरी-गणपती बोळवून पाहुणेमंडळी आपापल्या ठिकाणी परतली होती आणि स्वयंपाकघरास जरा उसंत मिळाली होती, अशा वेळी माझ्या चार वर्षांच्या नातवाच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली. येत्या शनिवारी बालवाडीतील मुले स्वतः धोंडस करणार आहेत. तरी प्रत्येकाने घरून एक वाटी तांदळाचा रवा पाठवावा, ज्यांच्या परसात तवशी लागली असतील त्यांनी एखादे तवसे द्यावे, आणि ज्या आज्यांना सवड असेल त्यांनी मदतीस यावे, असा तिचा मजकूर होता. सूनबाईला हसू आले; मला मात्र ते आले नाही.

“आई, तुम्ही जाल ना?” तिने विचारले.

“मी जाईन. पण तो त्या दिवशी घरी राहील,” मी म्हटले.

देशावरील वाचकांस धोंडस म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल. पावसाळ्यात आमच्या कोकणात मांडवावर जी मोठाली तवशी लोंबतात, ती काकडीच्याच जातीची; परंतु एकेक फळ असे भरते की चार माणसांची कोशिंबीर करूनही अर्धे उरावे. त्या तवशाचा कीस, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे एकत्र शिजवून, जाड बुडाच्या भांड्यात खाली मंद निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून ते खरपूस भाजावयाचे, की झाले धोंडस. भट्टी किंवा विजेची पेटी घरोघर येण्यापूर्वी आमच्या आज्या-पणज्यांना भाजणीची ही विद्या अवगत होती; तिला केक म्हणावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

तेव्हा पदार्थाविषयी माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती निखाऱ्यांविषयी. आणि खरे सांगावयाचे तर एका जुन्या दिवसाविषयी. पस्तीस वर्षांपूर्वी ऐन चतुर्थीच्या सकाळी माझ्या पाच वर्षांच्या मुलीने मोदकपात्राचे झाकण उचलले. तिला मोदक झाले का ते पाहावयाचे होते, एवढेच. वाफेने मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. घर माणसांनी भरलेले; कोणी शाई आणली, कोणी बटाट्याचा कीस लावला. आज डॉक्टर सांगतात की भाजलेला भाग तत्काळ नळाच्या साध्या गार पाण्याखाली सुमारे वीस मिनिटे धरावा. बर्फ, शाई, हळद, लोणी यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठा असल्यास किंवा मूल लहान असल्यास दवाखाना गाठावा. मुलांची त्वचा मोठ्यांहून पातळ असते आणि तीच वाफ त्यांना अधिक खोलवर भाजते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. मुलीच्या हातावरचा डाग अद्यापि दिसतो. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला : स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत मूल येणार नाही. सोवळ्याचे निमित्त हाताशी होतेच. भीतीला ते बरे पांघरूण मिळाले.

नियम उत्तम पाळला गेला. त्याचे फळ असे की, ती मुलगी आज परगावी संसार करते, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि पिठल्याला पाणी किती घालावे हे विचारण्यास मला फोन करते. तिच्या धाकट्या भावास तर तेही विचारावे लागत नाही, कारण त्याच्या मते पिठले करणे हे त्याचे कामच नव्हे. या दुसऱ्या गोष्टीचा दोष मी उंबरठ्यावर घालू शकत नाही. तो माझाच.

आमच्या लहानपणी भातुकली होती, हे येथे सांगितले पाहिजे. बोळकी, इवलीशी चूल, खोटे सरपण, आणि आतून कोणीतरी वाटीभर चुरमुरे व गुळाचा खडा आणून दिला की पंगत उठे. मुली रांधणार, मुलगे पाहुणे म्हणून येऊन जेवणार. पण भातुकलीच्या जोडीला खरे कामही होते. चार-पाच वर्षांच्या पोरीला शेंगा सोलावयास बसवीत, तांदुळातले खडे वेचावयास सांगत, वेलचीची साले काढावयास देत. एकत्र कुटुंबात हातांची कमतरता नव्हती, तरी लहान हातांना काम दिले जाई. ते शिक्षण आहे असे मात्र कोणास वाटत नसे.

शिक्षणशास्त्राने ही गोष्ट ओळखली त्यालाही आता शतकाहून अधिक काळ लोटला. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा काढली, तीत स्वयंपाक, विणकाम आणि सुतारकाम हे शिक्षणाचे अंगच होते. रोममधील सॅन लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. तेथे तीन-चार वर्षांची मुले पाणी ओतीत, मेज मांडीत, एकमेकांस वाढीत. भांडी खरी, फुटणारी असावीत असा बाईंचा आग्रह असे. कारण जे फुटत नाही ते जपून धरण्यास मूल कशाला शिकेल? या विदुषी १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या.

आपल्याकडे गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांना येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. (मोदकांच्या गोष्टीत मोडक आडनाव यावे हा केवळ योगायोग.) दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. शहरातील सुखवस्तू घरांच्या बालमंदिरांवर ताराबाईंचे समाधान झाले नाही, ही त्यांची थोरवी. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी विलायती साधने बाजूस ठेवून शिंपले, बिया, पाने, माती यांवर त्यांनी भागविले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने देशभर जी बालविकास योजना चालविली, तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. तेथे मुलांस गरम आहार मिळतो, ही मोठीच गोष्ट; परंतु तो त्यांच्यापुढे शिजून येतो. २०२० च्या शिक्षणधोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाच मानला आहे. त्या पायात एखादी परात आणि वाटी बसावी असे मला आता वाटते. त्या शनिवारपर्यंत वाटत नव्हते.

कारण नातू घरी राहिला नाही. सकाळी सातपासून वाटीभर रवा छातीशी धरून तो ओटीवर उभा होता. अशा मुलास अडविण्याचे धैर्य ज्या आजीत असेल तिला माझा नमस्कार.

बालवाडी बंदराच्या बाजूस, एका जुन्या कौलारू घराच्या पडवीत भरते. वीस-बावीस मुले, वरच्या आळीतील आमच्यासारख्यांची, दर्यावर जाणाऱ्यांची, मोहल्ल्यातील, आणि कामानिमित्त परप्रांतातून आलेल्यांचीही. सर्वांच्या घरचा रवा एकाच परातीत पडला. तो पडताना माझ्या मनात काहीतरी हलले, हे लपवीत नाही. याच रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, त्या काळी सहभोजनांच्या पंक्ती बसल्या, आणि त्यांवरून घराघरांत वाद झाले. थोर माणसांना जे वादाने साधावे लागले, ते येथे चार-चार वर्षांची पोरे नकळत करीत होती. आणि परात कोणाच्या घरची आहे हे एकानेही विचारले नाही.

बाईंनी प्रथम अंगणात शेगडीभोवती रांगोळीची जाड रेघ ओढली. रेघेच्या आत फक्त बाई आणि मदतनीस, बाहेर मुले. “ही रेघ कोणाची?” असे विचारताच सर्व मुले एका स्वरात “अग्नीची!” म्हणाली. हा पाठ त्यांनी आठवडाभर, शेगडी विझलेली असताना, घोटून घेतला होता. माझ्या उंबरठ्याने जे केले तेच ही रेघ करीत होती. भेद इतकाच की रेघेच्या या बाजूस मुलांना करण्यासारखे पुष्कळ होते.

हात धुण्यातच पाव तास गेला. मग तवशाची चव पाहिली, कारण जून तवसे कधी कडू निघते. सोलणे-चिरणे बाईंनी केले. पाच वर्षांच्या मुलांना मोठाले तुकडे धरून जाड किसणीवर किसावयास दिले आणि तुकडा लहान झाला की काढून घेतला. तीन वर्षांच्यांनी वेलची सोलली, खोबरे पसरून त्यातील करवंटीचे कण वेचले. काजूगर बाईंनी आधीच बारीक कुटून ठेवले होते. अखंड काजू किंवा शेंगदाणा लहानग्यांच्या घशात अडकण्याचे भय असते.

खरा रंग भरला तो मापाच्या वेळी. दोन वाट्या रव्यास तीन वाट्या कीस आणि दीड वाटी गूळ, असे बाईंनी सांगताच एका मुलाने आपल्या घरची वाटी पुढे केली. दुसरीने आपली केली. एक आमटीची, एक तुपाची. “माझीपण वाटीच आहे!” म्हणून ती रडकुंडीस आली. बाईंनी निवाडा दिला नाही. दोन्ही वाट्यांनी रवा मोजून दोन ढीग केले आणि मुलांना पाहू दिले. बराच वेळ शांतता, मग एक पोरगा म्हणाला, “एकच वाटी घेऊया. कोणचीपण. पण एकच.” आमच्या वेळी माप शिकविण्यास दुसरीचे पुस्तक लागे.

मला चेव आला आणि मी वाटीभर पाणी उभट फुलपात्रात व तितकेच पसरट ताटलीत ओतून, कशात जास्त, म्हणून विचारले. सर्वांनी फुलपात्राकडे बोट दाखविले. माझ्या नातवाने तर माझ्या अज्ञानाची कीव केली. स्विस शास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हेच दाखवून दिले होते की, साधारण सात वर्षांपर्यंत मूल भांड्याच्या उंचीस भुलते. सांगून ते समजत नाही. ओतून, सांडून, पुन्हा भरून हळूहळू समजते. आणि ओतणे, सांडणे, भरणे यांवाचून स्वयंपाक तो दुसरा कोणता?

रवा तुपावर भाजण्याचे, कीस त्याच्या पाण्यासकट गुळाबरोबर उकळण्याचे आणि त्यात रवा वैरण्याचे काम रेघेच्या आत झाले. मीठ चिमूटभर घालावयाचे. ते कोणा उत्साही हाताने रव्यात आधीच घातले होते आणि बाईंनी पुन्हा घातले. गोळा आटल्यावर खोबरे, वेलची, काजू मिसळून तो तूप लावलेल्या पातेल्यात थापला, आणि झाकणावर निखारे ठेवले. आता पाऊण तास काही करावयाचे नव्हते. मुलांना हे सर्वांत कठीण गेले. दर दोन मिनिटांनी कोणीतरी “झाले?” म्हणे. शेवटी वासच आला. गूळ आणि तवसे एकत्र भाजल्याचा तो वास पडवीभर पसरला तेव्हा सगळी मुले आपण होऊन रेघेपाशी येऊन बसली. एकाचाही पाय पलीकडे गेला नाही. झाकण उघडताना बाईंनी ते आपल्या बाजूस कलते धरून वाफ दुसरीकडे जाऊ दिली, आणि असे का केले ते मुलांना सांगितले. माझी मुलगी डोळ्यांसमोर आली. तिला हे कोणी सांगितले असते तर!

धोंडस एका कडेला करपले होते आणि किंचित खारटही झाले होते. मुलांनी करपलेल्या कडेसाठी भांडण केले. माझ्या नातवाने, ज्याच्या पानात काकडीची फोड दिसली तरी पान सरकते, दोन तुकडे खाल्ले. आता हा काकडी खाऊ लागला, असे मी मोठ्या तोऱ्याने घरी सांगितले. त्याच रात्री त्याने कोशिंबीर नेहमीप्रमाणे ताटाच्या कडेस सारली. नवी चव मुलांच्या जिभेवर पुष्कळ वेळा यावी लागते असे आहारतज्ज्ञ म्हणतात. आम्ही अद्याप मोजीत आहोत.

त्यानंतर आमच्या घरी थोडा बदल झाला. खालच्या फळीवर एक वाटी, एक लहान परात आणि बोथट सुरी त्याच्यासाठी ठेवली आहे. तो केळ्याचे काप करतो, कोकमाचे सरबत ढवळतो, पोळीचे पीठ मापून देतो. गॅसच्या ओट्याला हात लावावयाचा नाही, यात सूट नाही. देवापुढची निरांजन लावावयास द्यावी की नाही, यावर त्याच्या आजोबांचे आणि माझे एकमत झालेले नाही. सोवळ्याच्या नैवेद्याचे मोदक यंदा मीच केले. त्याने केलेला एक, कळ्या नसलेला, तिळाच्या लाडूसारखा दिसणारा, मी काही न बोलता पात्रात ठेवून दिला.

परवा मुलीचा फोन आला. तिलाही धोंडस करावयाचे होते. “आई, रवा किती वाट्या?” तिने विचारले. फोन नातवाच्या हाती होता. मला द्यावयाच्या आधी त्यानेच तिला विचारले, “आत्या, तुझी वाटी केवढी आहे ते आधी सांग.”